ओल, गंज आणि घर विकण्याआधीचा रंग

मार्चमध्ये डोंबिवलीच्या काकांचा फोन आला. "फ्लॅट विकायला काढलाय. एजंट म्हणतो, आधी रंग काढून घ्या, किंमत चांगली येईल. तू काँक्रीटचंच काहीतरी करतेस ना? मग छताला कुठला रंग टिकेल ते सांग."

माझी पीएचडी रंगावर नाही. काँक्रीटच्या आतली सळई कधी आणि का गंजते, यावर आहे. पण काकांनी पुढे जे सांगितलं त्यावरून प्रश्न रंगाचा नाहीच, असं वाटलं. बिल्डिंग १९८९ सालची, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. बेडरूमच्या छतावर तळहाताएवढा तपकिरी डाग, आणि त्यातून निघालेली एक भेग. "वाकडीतिकडी की सरळ?" मी विचारलं. काका म्हणाले, "अगदी पट्टीनं आखल्यासारखी सरळ आहे बघ."

मी त्याच रविवारी डोंबिवलीला गेले. त्या भेटीत जे दिसलं ते जुनं घर विकणाऱ्या, घेणाऱ्या किंवा नुसतं राहणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल, म्हणून आज त्याबद्दल लिहितेय.

सळई मुळात गंजत का नाही?

लोखंडाचा खिळा पावसात ठेवला तर दोन दिवसांत लाल होतो. मग स्लॅबमधली सळई वर्षानुवर्षं चांगली कशी राहते? अनेकांना वाटतं, काँक्रीटमुळे पाणी आत जात नाही. पण काँक्रीट हे सूक्ष्म छिद्रांनी भरलेलं असतं. त्यात पाणीही जातं आणि हवाही जाते.

सळईचं खरं संरक्षण रासायनिक असतं. सिमेंटमध्ये पाणी मिसळल्यावर जी रासायनिक क्रिया होते, त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला विरीचा चुना, तयार होतो. त्यामुळे छिद्रांतलं पाणी कमालीचं अल्कलाइन बनतं. त्याचा पीएच साधारण १२.५ ते १३ असतो. एवढ्या अल्कलाइन वातावरणात लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तो पुढचा गंज थांबवतो.

आता शाळेतला एक प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ होते, कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. स्लॅबमध्ये हेच घडतं, फक्त फार संथपणे. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरतो, चुना खर्ची पडतो आणि पीएच ९ च्या खाली उतरतो. याला कार्बोनेशन म्हणतात. ही सीमारेषा पृष्ठभागापासून हळूहळू आत सरकते, आणि ती सळईपर्यंत पोचली की तो संरक्षक थर टिकत नाही.

एक छोटं गणित

ही रेषा किती वेगानं सरकते? साधारणपणे तिची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, पहिल्या १५ वर्षांत ती १० मिलिमीटर आत गेली. तर १५ मिलिमीटर व्हायला एकूण साधारण ३४ वर्षं लागतील आणि २० मिलिमीटर व्हायला ६० वर्षं. म्हणजे ती जितकी आत जाते तितकी मंद होते.

हे गणित उलट बाजूनं वाचलं की घाम फुटतो. सळईच्या खाली जो काँक्रीटचा थर असतो त्याला 'कव्हर' म्हणतात. काकांची बिल्डिंग झाली तेव्हाच्या भारतीय मानकात स्लॅबसाठी किमान कव्हर १५ मिलिमीटर होतं. (२००० सालच्या सुधारित मानकात ते साध्या परिस्थितीत २० आणि समुद्राजवळच्या कडक परिस्थितीत ४५ मिलिमीटरपर्यंत जातं.) पण स्लॅब भरताना कव्हर ब्लॉक घातलेच नाहीत, किंवा सळयांच्या जाळीवरून माणसं चालली आणि ती खाली दबली, तर जागेवर ७-८ मिलिमीटरच कव्हर उरतं. कव्हर निम्मं झालं तर ती वेळ निम्म्यावर येत नाही, पावपट होते. वरच्याच आकड्यांत १५ मिलिमीटरला ३४ वर्षं लागत असतील, तर साडेसात मिलिमीटरला नऊ वर्षंही लागत नाहीत. एकाच सोसायटीत एका फ्लॅटचं छत ठणठणीत आणि शेजारच्याचं सोललेलं दिसतं, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

मग सगळी जुनी घरं पडायला का आली नाहीत?

काकांच्या घरी आम्ही दोन ठिकाणी पाहिलं. बेडरूमच्या डागाजवळचा सैल गिलावा काढला. आणि हॉलमध्ये पंख्याच्या हुकाशेजारी गिलावा आधीच निघालेला होता, तिथे काँक्रीटची छोटी खपली काढली. दोन्ही ताज्या तुटलेल्या भागांवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. हो, बारावीच्या टायट्रेशनमधलं तेच गुलाबी प्रकरण. काँक्रीट अजून अल्कलाइन असेल तर ते गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेलं असेल तर रंगच येत नाही.

दोन्हीकडे सळईभोवती रंग आला नाही. म्हणजे दोन्हीकडे रासायनिक संरक्षण संपलेलं होतं. पण बेडरूममधली सळई हाताला लालभडक पापुद्रे देत होती आणि हॉलमधली जवळजवळ स्वच्छ होती. त्याच वयाचं काँक्रीट, एकच स्लॅब आणि जवळपास सारखं कव्हर. मग फरक कशाचा? बेडरूमच्या वर गच्चीचा पावसाचा पाइप होता आणि त्याच्या तोंडाशी दरवर्षी पाणी तुंबत होतं. हॉल कोरडा होता.

गंज चढायला संरक्षण जाणं पुरेसं नाही. पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. कोरड्या खोलीत कार्बोनेशन उलट जरा लवकर होतं, कारण पूर्ण भिजलेल्या छिद्रांपेक्षा हवेनं भरलेल्या छिद्रांतून वायू सहज आत शिरतो. पण ओल नसेल तर पुढे फारसं बिघडत नाही. आपल्याकडचं ऋतुचक्र या बाबतीत दुष्ट आहे. आठ कोरड्या महिन्यांत कार्बन डायऑक्साइड आत शिरतो आणि चार ओल्या महिन्यांत गंज चढतो.

म्हणून या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: जुन्या घराचं वय तुम्ही कमी करू शकत नाही, पण त्यात येणारं पाणी थांबवू शकता. आणि पाणी थांबवणं हेच सगळ्यात मोठं मेंटेनन्स आहे.

(समुद्राकाठी प्रकरण वेगळं आहे. खाऱ्या हवेतले किंवा न धुतलेल्या वाळूतले क्लोराइड काँक्रीट अल्कलाइन असतानाही सळईला खड्डे पाडतात. फिनॉल्फ्थॅलिनला ते दिसत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. किनाऱ्यावरच्या घराचा नुसता गुलाबी रंग पाहून निर्धास्त होऊ नका.)

सरळ भेग का महत्त्वाची?

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा घेतो. आत जागा नसते, म्हणून तो काँक्रीटला बाहेर ढकलतो. आधी सळईच्या रेषेत सरळ भेग पडते, मग तिथे फुगवटा येतो आणि शेवटी तुकडा खाली येतो. गिलाव्याच्या जाळीसारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा सहसा किरकोळ असतात. सरळ, एकमेकींना समांतर आणि तपकिरी कडांच्या भेगा दिसल्या तर इंजिनिअरला बोलवा.

सळई किती गेली हेही डोळ्यांना कळत नाही. स्लॅबमध्ये ८ मिलिमीटरची सळई सर्रास असते. गंजून ती ७ मिलिमीटरची झाली तर 'एकच मिलिमीटर गेला' असं वाटतं. पण ताकद क्षेत्रफळावर असते, आणि क्षेत्रफळ साधारण २३ टक्क्यांनी घटलेलं असतं.

ओल कुठून येते ते आधी ओळखा

डाग सगळे सारखे दिसतात, पण त्यांचं वेळापत्रक वेगवेगळं असतं. डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारा आणि तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. फुकटचा प्रयोग आहे, पण याच्याइतकी माहिती क्वचितच कशातून मिळते.

पावसात वाढतो आणि हिवाळ्यात सुकतो: गच्ची, बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा.

बारा महिने सारखाच ओला: बाथरूम, मोरी, पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन. नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये थोडं पाणी २४ तास साठवा आणि खालच्या घरी छत बघा. त्या आधी खालच्यांना सांगा, हे वेगळं सांगायला नको.

तळमजल्यावर, जमिनीपासून वर चढलेली ओल आणि पांढरा लोणा: जमिनीतलं पाणी भिंतीच्या छिद्रांतून वर चढतंय. पाणी उडून जातं आणि विरघळलेले क्षार मागे राहतात, तोच लोणा.

कपाटामागे किंवा कोपऱ्यात काळी बुरशी, पण भिंत फुगलेली नाही: खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय. इथे वॉटरप्रूफिंगचा खर्च वाया जाईल, हवा खेळती हवी.

शेवटच्या दोन प्रकारांत गोंधळ होत असेल तर फुटभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीला चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर वाफ, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय.

गच्चीची खात्री करायला तिथे पाणी तुंबवून ठेवायची पद्धत आहे. पण पाण्याचा थर हे वजनच असतं. स्लॅब आधीच सोललेला किंवा खाली झुकलेला असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय ही परीक्षा करू नका.

रंगानं नेमकं काय बिघडतं?

ओल्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट लावला की दोन गोष्टी होतात. पाण्याला बाहेर पडायची वाट अडते, म्हणून पुढच्या पावसात रंगाला फुगे येतात आणि पोपडे निघतात. दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. खुणा झाकल्या जातात. काकांनी तो डाग आधी दोनदा रंगवला होता. प्रत्येक वेळी दोन-तीन वर्षं कोणाच्या डोळ्यांवर काही आलं नाही आणि आत सळई गंजत राहिली. फॉल्स सीलिंग म्हणजे तर झाकायची कायमची सोय. पीओपी ओलीत मऊ पडतं आणि वरचं छत बघायची वाटच राहत नाही.

दुरुस्तीचा क्रम असा असायला हवा. आधी पाण्याचा मार्ग बंद करायचा. मग सैल काँक्रीट काढायचं, आणि नुसतं खालचं नाही तर गंजलेल्या सळईच्या मागचंही. सळई घासून स्वच्छ करायची, फार बारीक झाली असेल तर इंजिनिअर सांगेल तशी जोड सळई द्यायची, गंजरोधक प्रायमर लावायचा, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरनं भरायचं, आणि ते सांगितलेल्या पद्धतीनं मुरू द्यायचं. भिंत सुकायला आठवडे जातात, जाड भिंतीला महिने. पुट्टी आणि रंग सगळ्यात शेवटी. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये 'सळईच्या मागचं काँक्रीट काढणे' ही ओळ आहे का बघा. नसेल तर तुम्ही नुसत्या गिलाव्याचे पैसे देताय.

खर्च कोणाचा?

काकांचा पहिला प्रश्न हाच होता. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइपलाइनची गळती, आणि गच्चीतून गळाल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं खराब झालेलं छत व त्याचा गिलावा, यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानं होते. फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती सभासदाची. म्हणजे काकांनी दोनदा स्वतःच्या खिशातून जे रंगवलं, ते मुळात सोसायटीचं काम होतं. फक्त त्यांनी कधी लेखी कळवलंच नव्हतं. सेक्रेटरी जिन्यात भेटले की सांगायचे.

अर्ज लेखी द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या. त्याच उपविधींत स्ट्रक्चरल ऑडिटचीही तरतूद आहे: इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी, ३० वर्षांपुढची असेल तर दर ३ वर्षांनी. तुमच्या सोसायटीचं शेवटचं ऑडिट कधी झालं ते विचारा आणि अहवालाची प्रत मागा. घर घेणार असाल तर ती प्रत टोकन देण्याआधी बघा.

विकताना सांगायचं किती?

"हे सगळं गिऱ्हाइकाला सांगितलं तर घेईल कोण?" असं काकू म्हणाल्या. प्रश्न खरा आहे. काकांना नाशिकला मुलीजवळ जायचं होतं, आणि तिथल्या घराचे पैसे याच फ्लॅटमधून यायचे होते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ मध्ये याचं उत्तर आहे. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. तो न सांगणं ही फसवणूक समजली जाते. उघडा डाग घेणाऱ्याला दिसतो. तोच डाग माहीत असून पुट्टीखाली गाडला, तर तो 'न सापडणारा' दोष आपणच तयार करतो. कायदा बाजूला ठेवला तरी त्या खोलीत उद्या कोणाचं तरी मूल झोपणार असतं, आणि काँक्रीटचा तुकडा रंग बघून पडत नाही.

व्यवहाराच्या बाजूनंही एक फाइल नुसत्या रंगापेक्षा जास्त कामाची असते. तिच्यात ऑडिटची प्रत, दुरुस्तीआधीचे आणि दुरुस्ती चालू असतानाचे फोटो (उघडी सळई, प्रायमर, नवं मॉर्टर), बिलं, वॉटरप्रूफिंगचं हमीपत्र आणि सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार ठेवा. घेणारा घाबरतो तो अंदाज येत नाही म्हणून. दोष कुठे होता, काय केलं, किती खर्च आला हे कागदावर दिसलं की बोलणं आकड्यांवर येतं.

आणि घेणाऱ्यांनो, शक्य असेल तर घर ऑगस्टमध्ये बघा. माळ्याच्या आत, बाथरूमच्या छतावर, खिडकीच्या छज्ज्याखाली टॉर्च मारा. छतावर काठीनं हलकेच ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत थर सुटलेला आहे.

दर मे महिन्यात

राहत्या घरासाठी एवढं पुरतं. गच्चीवरच्या पाइपांची तोंडं साफ करा. कठड्याच्या आणि गच्चीच्या सांध्यातला वाटा फुटलाय का बघा. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं कापू नका, मूळ काढून भेग भरून घ्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर गच्चीवर जा आणि पाणी कुठे तुंबतं त्याचा फोटो काढून ठेवा.

काकांनी मार्चमध्ये रंग काढला नाही. सोसायटीला लेखी अर्ज दिला, इंजिनिअर आला आणि मे महिन्यात पाइपाच्या तोंडाशी गच्चीची दुरुस्ती झाली. बेडरूमचं छत उघडलं तेव्हा तीन सळयांना जोड द्यावी लागली. पावसाळाभर छत तसंच ठेवलं, पेन्सिलीच्या रेघेसकट. डाग पुढे सरकला नाही. फाइल बघून पहिलं गिऱ्हाईक परत फिरलं. दुसऱ्यानं ती नीट वाचली, ऑडिटमधल्या दोन गोष्टी विचारल्या आणि थोडी किंमत कमी करून घेतली. दिवाळीनंतर व्यवहार झाला.

रंग कुठला लावायचा, ते मात्र मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तो नव्या मालकांनी त्यांच्या आवडीचा लावला.